सर लायोनेल आमच्या पलंगावर जन्मले त्याची हकीकत

चिरंजीव विनी,

सगळ्यात आधी आल्या त्या मिस पेंबरी, सर लायोनेलचं चरित्र लिहिताहेत त्या, आणि मागून थोरांच्या घरांवर नावाची पाटी लावणाऱ्या समितीचे मिस्टर डकवर्थ, हातात मोजपट्टी. तुला आशीर्वाद द्यायचा राहिलाच बघ, तो घे. खोकला कमी आहे ना? छातीला हंसाची चरबी चोळ, डॉक्टर काही म्हणोत. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, पण मी इतकी खुशीत आहे की आज जिना दोनदा चढले.

नगरपालिका आमची अख्खी गल्ली पाडून मला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवणार, हे तुला ठाऊकच आहे. (तिथे दारात उभं राहून मी बोलणार कोणाशी? कबुतरांशी?) पण थोर नाटककाराचं जन्मघर पाडायचं नाही, असं आता ठरलंय. आणि सर लायोनेल गेली वीस वर्षं पेपरात सांगताहेत की आपण टेंटर गल्लीत सतरा नंबरात जन्मलो, सहा भावंडं एका पलंगावर. सतरा नंबर म्हणजे मी.

आता लायोनेल जन्मला टेकडीवर, दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यात, हे मला ठाऊक नसेल तर कोणाला? मीच तिथे कामाला होते, गरम पाणी मीच वर नेलं. पण लंडनला म्हणे हल्ली नाटककाराचा बाप खाणीतला असावा लागतो, बंगल्यातला असला की लोक नाक मुरडतात. तो लहान असताना रविवारी मी त्याला आमच्याकडे आणायची. चरबी लावलेला पाव खात तो कोपऱ्यात बसायचा आणि माझे बाबा घरमालकाला काय काय म्हणतात ते तोंड उघडं टाकून ऐकायचा. पुढे ते सगळं नाटकात आलं, एकही शिवी गाळली नाही. पहिलं नाटक पाहिलं तेव्हा मी सबंध दुसरा अंक रडले, बाबा परत भेटले म्हणून. शेजारची बाई म्हणाली, "अहो, हा विनोदी अंक आहे."

तर मिस पेंबरींनी विचारायला सुरुवात केली. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, विनी. पलंग हाच का? हाच. खरंच सहा जण? सहा. (मी आणि माझे पाच भाऊ.) लायोनेल इथे रडायचे? पुष्कळ. शेवटी विचारलंच, "जन्म इथलाच ना?" मी म्हटलं, "बाई, एवढा मोठा माणूस स्वतःच्या जन्माबद्दल चुकेल का?" डकवर्थांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी परसातला संडास मोजला. मिस पेंबरी आत जाऊन, दार लावून, पाच मिनिटं नुसत्या बसल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या. भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे, ती लायोनेलचीच आई समजून दोघांनी त्याच्यापुढे माना खाली घातल्या, कारण लायोनेलच्या प्रत्येक नाटकात आई कपडे धुता धुता मरते. (त्याची खरी आई समुद्रकाठी, तू कामाला आहेस त्या घरात, रोज सकाळी तुझ्या हातचं अर्धवट उकडलेलं अंडं खाते, हे मी बोलले नाही. कोणी विचारलं नाही.)

शहाजिऱ्याचा केक दोघांनी दोनदा घेतला. डकवर्थ म्हणाले, "मिसेस क्लेग, आता तुम्हाला इथून कोण हलवतो तेच बघतो!" मनाला लागलं का, म्हणशील तर थोडं लागलं. पण त्याने माझं लहानपण नेलं ते काय विचारून नेलं? त्याच्या जन्माने माझं घर राहिलं तर फिट्टंफाट झाली.

तुझी आजी,
हॅना क्लेग

ता. क. पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्या बाईसाहेब, लायोनेलच्या आई, डॉक्टरांच्या थडग्यावर फुलं ठेवायला इकडे येणार आणि नंतर माझ्याकडे चहाला, असं तू लिहिलंस. येऊ देत. पण लायोनेल बंगल्याच्या कुठल्या खिडकीशी जन्मला ते त्या स्टेशनपासून भेटेल त्याला सांगत येतात, हे तुला माहीत आहे.

आणखी ता. क. लायोनेलची काल तार आली. दोनच शब्द: आईला आवरा. तेव्हा त्यांना सोमवारी आण, मंगळवारी आण, हवं तर रविवारी प्रार्थनेआधी आण. पेपर दिसू देऊ नकोस, चष्मा सापडत नाही म्हण. फक्त शुक्रवारी आणू नकोस. पाटी घेऊन ती मंडळी शुक्रवारी सकाळी अकराला परत येतो म्हणालीत.