रंगाऱ्याला या गल्लीतून हलवू नये

मी, खाली सही करणारी, शिवणकाम करून पोट भरत आलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हृदयाबद्दल विचारले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, म्हणून ही घाई.

माझे यजमान रंगारी. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. ज्या घरी काम चालू आहे तिथली बाई समजून ते मला "मालकीणबाई" म्हणतात. लग्न झाल्यापासून इतका मान मला प्रथमच मिळतो आहे, त्यामुळे तक्रार नाही.

कलम एक. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलाला मिळावे. मात्र यजमान हयात असेपर्यंत त्याने ते विकू नये व त्यांना येथून हलवू नये. मुलाला हे पटलेले नाही. "आई, माझ्याकडे गेटवर माणूस असतो. बाबा कुठे जाणार नाहीत," असे तो म्हणतो. मी म्हटले, "तेच तर. इथे ते जातात, आणि कोणीतरी परत आणून सोडतं." मुलगा वाईट नाही. लांब राहून काळजी करण्याने तो घाबरला आहे.

कलम दोन. ब्रश व बादली यजमानांकडेच राहावी. रोज सकाळी ते कामावर निघतात. बादलीत पाणी असते. गल्लीतला वाणी आपली भिंत देतो, न्हावी शटर देतो. ओली भिंत रंगवल्यासारखी दिसते; वाळली की हे पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतात. एकदा न्हाव्याच्या मेव्हण्याने चांगुलपणाने खरा रंग ओतून दिला. यजमानांनी शटर संपवले आणि आत जाऊन आरसेही रंगवले. काम इतके सफाईदार, की न्हाव्याला ओरडावे की वाखाणावे ते कळेना. तरी बादलीत फक्त पाणीच असावे.

कलम तीन. वरची खोली तिथे राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना यजमान असेपर्यंत बिनभाड्याने द्यावी. गोळ्या ते तिच्याच हातून घेतात. माझ्या हातातल्या थुंकून टाकतात. मला तिचा राग येतो. खोली तिलाच द्यावी.

कलम चार. बँकेतली शिल्लक औषधांसाठी. शिलाई मशीन वाण्याच्या सुनेला. "घरी चला" म्हटले तर हे जागचे हलत नाहीत. ती म्हणते, "काका, जेवायची सुट्टी झाली," की निमूटपणे निघतात. ही युक्ती मला सुचली नव्हती.

कलम पाच. नणंदेला काही ठेवलेले नाही. "दादाला काही झालेलं नाही, हिचीच नाटकं आहेत," असे तिने एका लग्नात भरल्या मांडवात म्हटले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्यामुळे मुलगा, नर्सबाई, वाण्याची सून, कोणी चालेना. घरच्यांपैकी नणंद तेवढी चालली. काल सहीबद्दल बोलायला आली ती दिवसभर भावाजवळ बसली. संध्याकाळी त्यांनी तिला विचारले, "आपण कोणाकडे आलात?" तिने माझी भांडी घासून टाकली. निघताना म्हणाली, "वहिनी, रविवारी येत जाईन मी." पाहू.

शेवटचे कलम. मी गेल्याचे यजमानांना एकदा खरे सांगावे. मुलाने सांगावे, आणि याच गल्लीत, ओळखीची माणसे आजूबाजूला असताना. "बाबा, तुमची बायको गेली," एवढेच. नर्सबाई म्हणतात, कशाला उगाच त्रास द्यायचा? मला ते कळते. पुढे विचारतील तेव्हा खुशाल "बाहेर गेल्यात" म्हणा, रोज म्हणा. पण पहिल्यांदा खरे सांगा. त्यांना कळले आणि रडू आले, तर लगेच समजूत काढू नका. तेवढे रडणे माझे आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: (रंगाऱ्याची बायको)

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. नणंद

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: चार मार्च