शुक्रवारच्या पानावरची नोंद

सोमवार, ८ मार्च

एकवीस दिवस एक शब्द बोलायचा नाही! कुजबुजायचंही नाही — कुजबुजण्याने घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे. मी "पण" म्हणायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी बोट वर केलं. "हं! हेच. हेच करायचं नाही."

मला! तेवीस वर्षं रुग्णालयाच्या गेटवर माइकशिवाय कामगारांच्या सभा घेणाऱ्या बाईला!

मास्तर शेजारच्या खुर्चीत गप्प. (लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण सगळ्या गल्लीचे शिंपी मास्तर ते माझेही मास्तरच.) येताना दुकानात शिरले. पाटी घेतली, खडूचा एक डबा घेतला. बाहेर आले, माझ्याकडे नीट पाहिलं, परत आत गेले आणि दुसरा डबा घेऊन आले.

मंगळवार, ९ मार्च

शुक्रवारचं लिहून ठेवते. चार दिवस उशिरा का होईना.

दुपारी दोन चाळीस. कामावर, रुग्णालयाच्या लाँड्रीत, रक्ताच्या डागांच्या चादरींसाठी बादलीत ब्लीच काढलं. पाणी घालायला शेजारचा कॅन उचलला. कॅनवर लेबल नाही. कुठल्याच कॅनवर नसतं, त्यासाठी कार्यालयाला दोन पत्रं मी स्वतः दिली आहेत. पाण्यासारखंच दिसत होतं. ते मशीनचा गंज काढायचं अॅसिड निघालं. भस्सकन हिरवट वाफ, आणि छातीत कोणीतरी काचा भरल्यासारखं झालं. घडीच्या टेबलावरून माझ्याबरोबर काम करणारी डुलकी धावत आली, मला काखेत धरून दाराबाहेर ओढलं, खिडक्या उघडल्या. तीही खोकत होती.

मग काय केलं मी? तोंड धुतलं. आणि सहा वाजता गेटवर उभी राहून पाऊण तास भाषण ठोकलं!

भाषणाचा विषय: कामावर लागलं तर काय करायचं.

"आधी नोंद, मग डॉक्टर, मग घर! त्याच दिवशी! वेळ लिहा, जागा लिहा, कोण जवळ होतं ते लिहा!" दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, बाई तळमळीने बोलतेय.

शनिवारी सकाळी उठले तर आवाज नाही.

बुधवार, १० मार्च

भाजीवाला, शेजारीण, दूधवाला — सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. अहो, मुकी आहे मी, बहिरी नाही! एवढं पाटीवर लिहीपर्यंत माणूस निघून गेलेला असतो.

गुरुवार, ११ मार्च

कार्यालयाचं पत्र आलं. शब्द न् शब्द पाठ झालाय. "अपघात-नोंदवहीत सदर घटनेची नोंद आढळत नाही. सदर कर्मचारी त्याच सायंकाळी सुमारे दोनशे व्यक्तींसमोर मोठ्या आवाजात भाषण करीत होत्या. सबब घशाची दुखापत सभांमुळे झाली असून कामाशी तिचा संबंध दिसत नाही." काही पुरावा असल्यास एकोणीस तारखेला समितीपुढे या.

पाटीवर उत्तर लिहायला घेतलं. दोन्ही बाजू भरल्या, पुसल्या, पुन्हा भरल्या. तीन खडू मोडले.

"पाटी फुटेल गं," मास्तर म्हणाले.

प्रश्न माझ्या भरपगारी रजेचा नाही. म्हणजे, तोही आहे. पण हा अपघातच नव्हता असं ठरलं, की कॅनवर लेबल लावायचं कारणच उरत नाही. आज मी. उद्या डुलकी. परवा आणखी कोणी.

आणि त्यांना हत्यार कोणी दिलं? मीच. कपाटभर कायद्याची पुस्तकं वाचली, लोकांना पाठ करून घेतलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा नोंद करायची सोडून टाळ्या घ्यायला गेले.

शुक्रवार, १२ मार्च

मास्तरांना पाटीवर विचारलं: घर शांत आहे, बरं वाटतंय का?

उत्तर द्यायला त्यांनी फार वेळ घेतला! शेवटी म्हणाले, "माझ्या मशीनचा आवाज एवढा मोठा आहे, हे आत्ता कळलं."

रविवार, १४ मार्च

डुलकी आली होती. हे नाव मीच ठेवलेलं. अकरा वर्षं प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसते आणि मी पहिलं वाक्य बोलले की हिचे डोळे मिटतात! एकदा भर सभेत म्हणाले होते, "आपल्यातले काही जण तर उभ्या जागी झोपलेत." सगळे हसले. तीही हसली, डोळे मिटूनच.

मी तिला पत्र दाखवलं, मग पाटीवर समजावलं. समितीपुढे साक्ष दे. घाबरू नको. हे असं सांग, ते तसं सांग. पन्नाशीत अक्षरं शिकलेली बाई, एकेक अक्षर बोटाने चाचपत वाचायची. तिचं वाचून होतं न होतं तोच मी पुसून पुढचं लिहायची. चहा गार झाला. तासाभराने गेली.

दार लावून मास्तर म्हणाले, "ती काहीतरी सांगायला आली होती."

काय, म्हणून मी हात उडवले.

"ते तू सांगू दिलं नाहीस ना."

मी पाटीवर लिहिलं: मी?? मी तर मुकी!

"मुकी कसली! तीन वेळा तिने 'बाई, ते वहीत' म्हणून सुरुवात केली. तिन्ही वेळा तू हात वर केलास. मी मशीन थांबवून ऐकत होतो."

एकतीस वर्षांत हा माणूस सलग इतकं कधी बोलला नव्हता. आणि बोलला तो हे.

सोमवार, १५ मार्च

डुलकीकडे जाऊन आले. पाटी नेली नाही. नेणार होते, मास्तरांनी काढून घेतली.

एकच खोली, पण काय नेटकी! टॉवेलसुद्धा रुग्णालयातल्यासारखे चौघडी. मी खाटेवर बसले. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी काही बोलत नाही म्हटल्यावर तिलाही कुठून सुरुवात करावी कळेना. चार कपडे झाले, सहा झाले. माझी जीभ आतल्या आत वळवळत होती. मग तिने डोळे मिटले.

"बाई, शुक्रवारी तुम्हाला बाहेर बसवलं ना, तशी मी अपघाताच्या वहीकडे गेले. तर वही सुपरवायझरसाहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, साहेब बाहेर. मग मला आठवलं. तुम्हीच म्हणता ना, वही दिली नाही तर मिळेल त्या कागदावर लिहा, पण आजच लिहा, आणि सही घ्या. तर मी कपड्यांच्या वहीत लिहिलं."

कपड्यांची वही! घडीच्या टेबलावर रोज किती चादरी, किती अभ्रे, किती गाऊन आले ते लिहायची. पाच वाजता साहेब त्याखाली सही करतात.

"त्या दिवशी केली?"

हे मी बोलले नाही. ओठ हलले फक्त. तिला कळलं.

"केली की! न बघता करतात ते."

मी तिचे दोन्ही हात धरले. तिला म्हणायचं होतं — माझी सगळी भाषणं तुझ्या डोक्यात कशी गं, तू तर झोपायचीस! बोलता येत नव्हतं, म्हणून माझे डोळे मिटून दाखवले आणि मान एका बाजूला टाकली.

ती खो खो हसत सुटली. "अगं बाई! झोपत नव्हते हो. आम्हाला कुठे लिहून घेता येत होतं तेव्हा! डोळे मिटले की नीट डोक्यात बसतं. उघडे ठेवले की तुमचे हातवारेच बघत बसतं माणूस."

अकरा वर्षं! आणि मी भर सभेत हिच्यावर हशा पिकवला होता.

शुक्रवार, १९ मार्च

समिती. तीन माणसं, एक लांब टेबल. मास्तर माझ्या शेजारी, त्यांचा पाय माझ्या पायावर. माझ्या घशात काही वर आलं की ते दाबायचे.

सुपरवायझर म्हणाले, "रोज गेटवर ओरडणाऱ्या बाईंचा घसा बसला, तर त्यात लाँड्रीचा काय दोष?" पाय दाबला गेला.

मग डुलकी उठली. कपड्यांची वही उघडली. वाचताना कुठेच अडली नाही — डोळे मिटून म्हणत होती!

"पाच मार्च. चादरी दोनशे बारा. अभ्रे एकशे चाळीस. दोन वाजून चाळीस मिनिटं, बिनलेबलचा कॅन, ब्लीचमध्ये अॅसिड, हिरवी वाफ. बाईंना घशाला लागलं, मलाही खोकला. बाई काही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी लिहिते. गाऊन अठ्ठ्याऐंशी."

वही अध्यक्षबाईंकडे गेली. त्यांनी सही पाहिली, मग सुपरवायझरकडे पाहिलं. "ही तुमचीच ना?"

"मॅडम, मी रोज सही करतो, वाचतो कुठे!"

अध्यक्षबाईंनी सहीवर बोट ठेवलं. मला, देवाशपथ, काही बोलावंसं वाटलं नाही.

"कामावरील अपघात" अशी नोंद झाली. सर्व कॅनना सात दिवसांत लेबलं लावायची, असाही हुकूम निघाला. बाहेर आल्यावर मास्तरांनी डुलकीला विचारलं, "ताई, ब्लाउजचं माप द्याल का? माझ्याकडून." बस्स, एवढंच. त्यांचं भाषण झालं.

शुक्रवार, २६ मार्च

डुलकीने लेबलं लावली. अॅसिडला लाल, ब्लीचला निळं. अक्षर तिरकं. काय देखणं दिसतं!

सोमवार, २९ मार्च

डॉक्टर म्हणाले, बोला आता. पहिला शब्द "मास्तर". बाहेर आला तो आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा — खरखरीत, हातभर अंतरापर्यंत पोचणारा. एवढाच राहील म्हणे. घरापुरता. गेटवर पुन्हा कधीच नाही. मास्तर म्हणाले, "मला येतं ऐकू."

शुक्रवारी सहा वाजता गेटसभा. बोलणार: डुलकी. मी पहिल्या रांगेत, डोळे मिटून.