गोलपोस्टच्या मागची जागा

आप्पा,

गेल्या महिन्यात आम्ही कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघासाठी बचावाचा कोच निवडला. निवडणारे तिघे होतो आणि शेवटचं मत माझं होतं. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि आई सांगणार नाही. तिच्या मते गेलेल्या माणसाला ऑफिसच्या गोष्टी सांगून त्रास देऊ नये. तुम्ही असताना तर तिनं तुम्हाला कटकटींशिवाय दुसरं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. घरमालकाचं, गॅसवाल्याचं, माझ्या शाळेचं, सगळं तुम्ही ड्यूटीवरून येऊन बूट काढायच्या आत.

मी आता दुबईत एका कॉलेजच्या क्रीडा विभागात आहे. आम्ही इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहतो, आई आणि मी. तुमच्या वेळची शुक्रवारची सुट्टी जाऊन आता इथं शनिवार-रविवारची झाली आहे. तुम्ही असता तर शुक्रवारी दुपारी कारखान्यातली माणसं मैदानावर कशी गोळा करायची, याच काळजीत तुम्ही पडला असता. कोल्हापूरचं मी इथं कुणाला फारसं सांगत नाही. आमच्याकडे कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ काढतात आणि माझे वडील पेठेतल्या तालमीकडून बचावात, स्टॉपर म्हणून खेळायचे, असं सांगितलं की लोकांना मी थट्टा करते आहे असं वाटतं.

माझी पहिली शाळा म्हणजे या देशात आल्यावरचं, रास अल खैमाचं आपलं स्वयंपाकघर. शाळेत प्रवेश मिळेपर्यंत तुम्हीच मला शिकवलंत, त्या जमिनीवर बसवून. तुमच्या कारखान्यात बाद झालेल्या टाइल्स तुम्ही आणून बसवल्या होत्या. एक निळी, एक खडबडीत, एकीवर अर्धंच फूल. त्या टाइल्सच्या सांध्यांवर तुम्ही स्टीलच्या चार वाट्या ओळीनं मांडायचात आणि हळदीची डबी पुढे सरकवायचात. चार वाट्या म्हणजे बचावाची फळी, डबी म्हणजे समोरून येणारा फॉरवर्ड. आई कणीक मळता मळता म्हणायची, "पोरीला पाढे शिकवताय का मॅच खेळवताय?" तुम्ही म्हणायचात, "दोन्ही एकच हाय." मग मला विचारायचात, चारातनं एक गेली तर काय उरलं? मी म्हणायचे, तीन. तुम्ही मान हलवायचात. "तीन आणि एक भोक." पुढे शाळेत मी इंग्रजीत तेच उत्तर दिलं, थ्री अँड वन होल. टीचरनी आईला बोलावून घेतलं. तुम्ही ते ऐकून इतके हसलात की चहा सांडला.

तुमचा खरा धडा मात्र मैदानावरचा होता. कामगार वस्तीच्या मागची ती वाळूची मोकळी जागा, दोन ड्रमांचा गोल, आणि त्या गोलच्या मागे तुम्ही उभे. आईच्या जुन्या जांभळ्या साडीची लांब पट्टी फाडून तुम्ही चौघा बचावपटूंच्या हातात द्यायचात. पट्टी ताणली गेली नाही पाहिजे आणि जमिनीला लागली नाही पाहिजे, म्हणजे चौघं बरोबर एका रेषेत. मग मागून तुमचा आवाज. वर. वर. थांबा. डावीकडं. एकजण जरी मागे वळला तरी पाऊल अडखळतं, रेष मोडते, आणि फॉरवर्डला वाट मिळते. म्हणून एकच नियम होता. सगळे गडी बिहारचे, केरळचे, पेशावरचे, तरी तो नियम त्यांना मराठीतच पाठ होता. मागं बघायचं न्हाई. मागं मी हाय. एखादा गडी शिफ्टला असला की त्याच्या जागी डाव्या टोकाला तुम्ही मला उभं करायचात. एकदा मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खेळ थांबवला, पुढे आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "माझ्या तोंडावर बॉल हाय काय गं?" गडी हसले. मला रडू आलं, पण पट्टी सोडली नाही. परत जाताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून गेलात. तो हातही मागूनच आला.

त्या दिवशीचं मी कुणाशी बोलत नाही, तुमच्याशी बोलते. हिवाळ्यातला शुक्रवार आहे, ऊन तिरपं आहे, पट्टी माझ्या हातात आहे. तुम्ही म्हणता, वर. आम्ही पुढे सरकतो. तुम्ही म्हणता, थांबा. आम्ही थांबतो. समोर चेंडू घेऊन आलेला पेशावरचा तो उंच खानभाई आहे. तो चेंडू सोडून देतो. चेंडू आमच्यामधून हळूहळू निघून जातो, आणि आम्ही चौघं पट्टी धरून तसेच उभे, कारण पुढचा आवाज आलेला नाही. मी खानभाईचा चेहरा बघते आहे. तो माझ्या डोक्यावरून मागे काहीतरी बघतो आहे. त्याचा चेहरा कसा बदलला ते मी आजही काढून दाखवू शकेन. तो धावत आमची पट्टी तोडून गेला, तेव्हा कुठे आम्ही वळलो. तुम्ही ड्रमाजवळ कुशीवर पडला होता, झोपल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता, हृदयच एकदम थांबलं. आई ते मानते. मीही मानते. पण तुमचा शेवटचा शब्द थांबा हा होता आणि तो माझ्यात राहून गेला. रस्ता ओलांडताना, मेल पाठवताना, कुणी लग्नाचं विचारलं तर, मागून तो येतो आणि मी थांबते. ऑफिसात म्हणतात, मॅडम फार काळजीपूर्वक काम करतात.

आता निवडीचं. आमच्या मुली मागच्या मोसमात इतके गोल खाऊन बसल्या की मुख्य कोचनी बचावासाठी वेगळा माणूस मागितला. हे मुख्य कोच इजिप्तचे, मोठ्या आवाजाचे, मनानं साधे. तिसऱ्या, स्टुडंट अफेअर्सच्या मॅडम, लेबनॉनच्या. शेवटी दोन उमेदवार उरले. दोघांनी आमच्या मुलींना एकेक संध्याकाळ शिकवायचं आणि शेवटी सराव सामना घ्यायचा, असं ठरलं.

पहिला मलबारचा, पन्नाशीचा. बूट जुने पण पॉलिश केलेले. आला, पिशवीतून एक लांब दोरी काढली आणि फळीतल्या चार मुलींच्या हातात दिली. तिथेच माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मग तो गोलपोस्टच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, "पीछे मत देखना. पीछे मैं हूँ." आप्पा, मी बाकावरून उठले आणि पाणी प्यायचं निमित्त करून मैदानाच्या कुंपणापर्यंत चालत गेले. तो मागून सांगत होता, मुली सरकत होत्या, दोरी एकदाही जमिनीला लागली नाही. त्या संध्याकाळी गोल झाला नाही. मुख्य कोच टाळ्या वाजवत म्हणाले, "खलास. दुसऱ्या बाईंना फोन करून सांगा, येऊ नका."

मुलाखतीत मी त्याला एकच प्रश्न विचारला. खेळ चालू आहे आणि मागून तुमचा आवाज आला नाही, तर मुलींनी काय करायचं? त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. तो हसला, अगदी मायेनं. "आएगा मॅडम. मेरा आवाज कहाँ जाएगा?"

दुसरी ट्युनिशियाची, माझ्याहून थोडी मोठी, गुडघ्याला पट्टा. तिनं आल्या आल्या शिट्टी खिशात टाकली, मुलींना सांगितलं की दर दोन-चार पावलांनी मान वळवून मागे बघायचं आणि जे दिसेल ते शेजारणीला मोठ्यानं सांगायचं. एवढं बोलून ती बाकावर बसली. मुली गोंधळल्या. रस्ता ओलांडणाऱ्या बायकांसारख्या सारख्या माना वळवत राहिल्या आणि पाहता पाहता दोन गोल खाल्ले. मुख्य कोच माझ्याकडे बघून घड्याळ दाखवत होते. आमची गोलकीपर रत्नागिरीकडची, शारजात वाढलेली मुलगी. इतकं हळू बोलते की हजेरीत गैरहजर लागते. तिसऱ्यांदा समोरची फॉरवर्ड फळीच्या पाठीमागून निसटली, तेव्हा या मुलीच्या तोंडून घरातली भाषा बाहेर पडली. ती ओरडली, "मागे बघ गो!" फळीतली मुलगी सीरियाची, मराठीचा गंध नाही. पण ती वळली, धावली, आणि चेंडू बाहेर मारला. गोलकीपरनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून पुन्हा ओरडली, आणि शेवटपर्यंत ओरडत राहिली.

मुलाखतीत त्या ट्युनिशियाच्या बाईलाही मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मग त्या वळून बघतील. गोल होईल कदाचित. बघतील तरी."

बैठकीत मुख्य कोच पहिल्याच्या बाजूनं, मॅडम दुसरीच्या. राहिले मी. मुख्य कोच म्हणाले, "हबीबी, एकाच्या वेळी शून्य गोल, एकीच्या वेळी दोन. यात विचार कसला? तुला गोल खायची हौस आहे का?" मी विचार करायला एक दिवस मागितला. मला खरंच कळत नव्हतं, मी त्या माणसाला तुमच्यासारखा म्हणून नाकारते आहे की तुमच्यासारखा म्हणून घ्यायला निघाले आहे. दोन्ही अन्यायच. त्यानं कुणाचं काय बिघडवलं होतं? घरी भात लावून मी आईला सगळं सांगितलं. तिनं मेथीची जुडी सोडली आणि निवडायला घेतली. मग म्हणाली, "माणूस चांगला आहे ना? तुझे आप्पापण चांगलेच होते." तेवढ्यात वास आला तशी म्हणाली, "भात करपतोय. मॅडम झालीस तरी लक्ष नाही."

दुसऱ्या दिवशी मी मत दिलं. कारणं खेळाचीच सांगितली आणि ती खोटी नव्हती. आमच्या मुली एकमेकींशी बोलत नाहीत, कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसतात, सामन्याच्या दिवशी गोलमागे कोच उभा राहू शकत नाही. मुख्य कोच म्हणाले, "पहिल्या सामन्यात पाच खाल्ले की ऑफिसात मी तुझ्या टेबलावर बसणार." त्या माणसाला नकार कळवायला मी स्वतः फोन केला. तोंडात आलेलं थांबा गिळून बोलले. तो म्हणाला, "कोई बात नहीं मॅडम. बच्चियाँ अच्छी हैं. इन्शाल्ला जीतेंगी." फोन ठेवल्यावर मला तुम्हालाच नकार दिल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतं.

काल पहिला सामना झाला. पाच नाही, तीन खाल्ले. दोन आम्ही केले. मुख्य कोच टेबलावर बसले नाहीत, पण टेबलाला टेकून उभे राहिले. गोलकीपरचा घसा बसला आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. सराव चालू असताना मी रोज गोलपोस्टच्या मागे जाऊन उभी राहते, तुमच्या जागेवर. मुली माना वळवून मागे बघतात, तेव्हा त्यांना मी दिसते. मग माझ्याही मागून तुम्ही म्हणता, थांबा. सगळ्यांना मागे बघायला शिकवणारी बाई मी निवडली आणि मी स्वतः अजून एकदाही वळलेले नाही. जोवर वळत नाही, तोवर तुम्ही तिथं उभे आहात.