सारजाच्या मुळ्यावरची राख

अहो,

चिठ्ठी मुद्दाम राखेच्या डब्यात ठेवलीया, म्हंजी तुमाला लगीच घावल. मी पहिल्या एस्टीनं काटेवाडीला भावाकडं चाललेय, सांजच्याला यीन. म्हशीला वैरण टाकलीया, धार तेवढी तुमी काढा.

चुलीतली राख रोज कुठं जाती, ते काल कळलं. मला वाटायचं, शेजारणी भांडी घासायला नेत्यात. काल पहाटं बांधावर आले, तर तुमी सारजाच्या मुळ्याच्या वाफ्यात बसलेले. एकेक पान हळूच उलटून, माव्याची कीड बघून, दवावर राख भुरभुरत हुता. तीबी माज्या पिठाच्या चाळणीनं! आन् सारजा पदर खोचून शेजारी हसत उभी.

तिचा नवरा कारखान्यावर भवानीनगरला असतो, तिला हाताखाली कुणी न्हाय, समदं ठाव हाय मला. तिच्याकडं रंगीत टीव्ही बघत बसता, तवा मी कधी काय बोलले का? पण आपल्याबी मुळ्याची पानं माव्यानं आकसून गेल्यात. तुमाला सांगितलं, तर म्हणला, कंबर धरलीया, वाकवत न्हाय. तितं बरी वाकती कंबर!

घरात हुती तेवढी राख आज उजाडायच्या आत मीच आपल्या मुळ्यावर टाकली. पिठाची चाळण अजून तिच्याकडंच हाय. आणायला गेलाच, तर तितंच जेवून या. मी आज चूल पेटवली न्हाय. राख न्हाय, तशी भाकरबी न्हाय.