माझ्या दहाव्याला काला

मी, शोभा भीमा लगड, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका व कीर्तनकार, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. डोके ठिकाणावर आहे. जिभेची खात्री सारा तालुका देईल. कोणाचा दाब नाही. दाबणारा अजून जन्मायचा आहे.

राहते घर मुलगा अनीश यास. बँकेतील ठेव अनीश व मुलगी धनश्री यांस निम्मी निम्मी. पुस्तके वाचनालयास. समासात मी लेखकांशी भांडले आहे, ते खोडू नये.

वीणा धनश्रीला. तिने माझ्या दहाव्याला काल्याचे कीर्तन करावे. अनीश म्हणेल, "आई, दहाव्याला प्रवचन असतं. लोक काय म्हणतील?" म्हणू देत. काल्याला सप्ताह संपतो. दहीहंडी फुटते, लोक हसत प्रसाद खातात, आणि सात दिवस जमिनीला न टेकलेली वीणा खाली ठेवताना तेच लोक रडतात. भक्ती मला त्या घटकेत समजली.

यजमान गेले ते सप्ताहातच. सुतकात मी काल्याला उभी राहिले. गोपाळांच्या शिदोऱ्या सांगता सांगता, यजमान माझ्या डब्यातले लोणचे कसे चोरायचे, तेही सांगून गेले. मंडप हसला, मीही हसले. टाळकरी कारभारी ओरडले, "मास्तरीनबाई, घरात सुतक हाय, अन् तुमी हासताय व्हय?"

"रडतेयही, कारभारी. जरा पुढे येऊन बघा!"

ते टाळ ठेवून निघून गेले. पुन्हा माझ्या कीर्तनात उभे राहिले नाहीत. म्हणून त्यांना काहीही देत नाही. साक्षीदार मात्र त्यांनाच केले आहे, म्हणजे हे सगळे वाचावे लागेल.

धनश्री म्हणते, "आई, त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघणार नाही." निघेल. अडलीच, तर तिला कोणी खाली बसवू नये. टाळ-मृदंग चालू ठेवावेत, तेवढ्यात ती सावरेल. हसू आले तर तिने खुशाल हसावे. हंडी बांधायला अनीशने यावे. रुसून घरात बसू नये.

ठिकाण: काष्टी
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
सही: शोभा भीमा लगड

साक्षीदार:
१) भार्गवी अजिनाथ जठार, शेजारीण
२) कारभारी गेणू दांगट

(सहीखाली, कारभारींच्या हस्ताक्षरात:) सगळं वाचलं. हासनं मला आजबी पटत न्हाई. पन पोरगी अडली तर टाळ थांबायचा न्हाई. मी हाय.