बोलावलेला कोल्हा

शनिवार, मार्च २००६, मिल्टन कीन्स

ऑफिसमधल्या ग्रॅहमने आज आपल्या वडिलांच्या शेतावर नेऊन मला कोल्ह्याला बोलवायला शिकवलं. हाताच्या पाठीवर ओठ दाबून जोरात चोखायचं, की जखमी सशासारखा केविलवाणा आवाज निघतो. मला लगेच जमलं! अंधारून यायच्या आत कोल्हा कुंपणातून आला, थेट माझ्याकडे बघत. ग्रॅहमने बंदूक उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हाड!” गल्लीतल्या कुत्र्याला हाकलतो तसं. कोल्हा पसार.

ग्रॅहम एवढंच म्हणाला, “काल त्याने आमचं कोकरू नेलं.”

चूक नाही ग्रॅहमची. मग मी का ओरडलो? दया म्हणावी, तर बोलावलं कोणी? हात अजून लाल आहे.

निघताना म्हणाला, पुढच्या शनिवारी ये, तू बोलावलंस की येतो तो.

तेच तर.