खदानीची थापड

माजरी,
रविवार

प्रिय दादा,

हे पत्र लालसूच्या हाती देते आहे. तुझ्या दुकानासाठी टायर न्यायला तो चंद्रपूरला आलाय, उद्या सकाळी मी त्याला बसस्टँडवर गाठणार. पुलावरून पाणी असलं तर तो आलापल्लीला थांबेल, पण पत्र तुझ्याच हातात देईन असं त्यानं कबूल केलंय. फोनवर हे बोलता आलं नसतं. भामरागडला तुझा फोन लागत नाही, आणि लागलाच तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस. नऊ वर्षं झाली याला. राग धर, हक्क आहे तुझा, पण हे फाडू नकोस. पूर्ण वाच आणि मग चुलीत घाल.

पहिली बातमी अशी की माझ्या डाव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये आहेत. माणसाच्या तोंडावर ठोसा मारला की आपलीच बोटं मोडतात, हे तुला माहीत असेलच. मी ज्यांना मारलं ते माझे कॅप्टन, चंदन सर. सत्तावन्न वर्षांचे आहेत, मला दिव्यानी बेटा म्हणतात. नाकाचं हाड मोडलं त्यांचं. मारलं तेव्हा विमान हवेत होतं आणि आम्ही दोघंच आत होतो. येत्या गुरुवारी नागपूरला त्याची चौकशी आहे, आणि त्या दिवशी मी काय बोलते यावर मी पुन्हा उडणार की नाही हे ठरेल.

तुला वाटत असेल बहीण पायलट झाली म्हणजे मजेत असेल. अरे, कशाची मजा! मी माणसं नेत नाही, माल नेते. लोक रात्री खाटेवर पडून मोबाईलचं बटण दाबतात आणि सकाळी त्यांना डबा दारात हवा असतो. तो डबा आम्ही वाहतो. नागपूर, दिल्ली, बंगळुरू, परत नागपूर, रोज सूर्य बुडाल्यावर सुरू आणि उगवायच्या आधी बंद. पगार चाक हललं की सुरू आणि चाक थांबलं की बंद. माल चढेपर्यंत तीन-तीन तास आम्ही त्या गरम डब्यात बसतो, ते फुकट. ठेकेदार बाबाला खेपेमागे पैसे द्यायचा, मधे डंपर बिघडला की बसा बोंबलत, तसंच हे. फरक एवढाच की मला टाय बांधावा लागतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं आमचा बांधलेला पगार कापला आणि म्हणाली, जास्त उडा, जास्त मिळेल. मग काय, माणसं सुटीच्या रात्रीही उडायला लागली. आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज दिला होता, की ड्युटीवर पाय ठेवल्यापासून पैसे धरा आणि लागोपाठच्या रात्री कमी करा. पहिली सही चंदन सरांची होती. अर्जाचं काय झालं देव जाणे. त्या रात्री माझी पाचवी रात्र होती आणि सरांची सातवी.

या झोपेनं माझं काय केलंय ते आईला विचार. मागच्या महिन्यात सुटीवर घरी आले होते, दुपारी झोपले होते. खदानीत सुरुंग उडाला, भांडी खणखणली, आणि नेमकी त्याच वेळी आई मला जेवायला उठवायला वाकली. डोळे उघडायच्या आत मी तिच्या तोंडावर कोपर हाणलं. ओठ फाटला, पुढचा दात पडला. शेजारच्या गुणाबाईला ती सांगत फिरते की न्हाणीत पाय घसरला. मी तिचे पाय धरून रडले तर ही बाई हसते. म्हणे, बापावर गेली माही पोरगी. तुला आठवतं ना, रात्रपाळी करून झोपलेल्या बाबाला आपण झाडूच्या दांड्यानं लांबूनच ढोसायचो आणि पळून जायचो? एकदा तू पळायला उशीर केलास तर त्यानं तुला उचलून भिंतीवर फेकलं होतं. जाग आल्यावर तोच तुला कुशीत घेऊन बसला होता, संध्याकाळपर्यंत.

सरांना का मारलं ते कंपनीला सांगून कळणार नाही, तुला कळेल. त्यांच्या पुस्तकात खदानीची थापड नाही. मी चौकशीसाठी धरलेल्या वकिलीणबाईंना समजावून सांगितली तर त्या बघतच राहिल्या. रात्री डंपरच्या केबिनमध्ये दोघं असायचे, ऑपरेटर आणि हेल्पर. ऑपरेटरचा डोळा लागला की हेल्परनं सप्पकन थापड मारायची, पाची बोटं उठली पाहिजेत अशी. वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही, हाका मारत बसायचं नाही, कारण हाकेनं जाग येईस्तोवर डंपर खाली गेलेला असतो. आणि सकाळी गेटवर, चार माणसांसमोर, ज्यानं थापड खाल्ली त्यानंच मारणाऱ्याला चहा पाजायचा. त्या थापडेचा राग धरला तो माणूस हलका. बाबा लाल गाल घेऊन घरी यायचा आणि वरून कौतुकानं सांगायचा, आज आपल्या हेल्परचा, इतवारीचा, चहा झाला आपल्यावर, काय हात हाय लेकाचा!

आता त्या पहाटेचं. पाच वाजायला आले होते, नागपूरचे दिवे समोर दिसत होते. सरांनी ऑटोपायलट काढून विमान हातात घेतलं होतं, त्यांना स्वतःच्या हातानं उतरवायला आवडतं. जमीन हजार फूटही खाली नसेल. मी बाहेरची नजर आत वळवली तर सरांची मान छातीवर. हात दांड्यावर तसेच, पण मढ्याच्या हातासारखे जड, आणि त्या वजनानं विमानाचं नाक खाली जायला लागलेलं. आणि मी काय केलं असेल? मी म्हणाले, सर. मऊ आवाजात. पुन्हा म्हणाले, सर. मग बोटांच्या टोकांनी त्यांच्या बाहीला हात लावला, घरी आलेल्या पाहुण्याला जेवायला उठवावं तसा. मुखरू ऑपरेटरची पोरगी, बाबाच्या तोंडून थापडेच्या गोष्टी ऐकत वाढलेली, आणि माझा हात उठेना! नियमानं दोन हाकांना उत्तर आलं नाही की विमान आपण घ्यायचं. तेही सुचेना. शेवटी विमान स्वतःच ओरडायला लागलं, वर उचल, वर उचल, असं इंग्रजीत, तेव्हा मी दांडा ओढला.

त्याच क्षणी सर जागे झाले, आणि ते जागं होणं झोपेपेक्षा वाईट. डोळे सताड उघडे, पण माणूस आत नाही. कोणीतरी आपला जीव घेतंय असं वाटून ते किंचाळले आणि दोन्ही हातांनी दांडा पुढे रेटला. मी मागे ओढतेय, ते पुढे रेटताहेत, आणि खाली जमीन वर येतेय. मी डावी मूठ वळली आणि नाकावर हाणली. सोडेनात. पुन्हा हाणली, तेव्हाच बोटं मोडली असावीत, कळलं नाही. तिसरी कानशिलावर घातली तेव्हा हात सुटले. त्यांचं रक्त माझ्या तोंडावर आलं, ओठांना खारट लागलं. खाली कुणाच्या तरी शेतातल्या मोटारपंपाच्या पेटीवरचा लाल दिवा मला स्वच्छ दिसला, दादा, इतके खाली आलो होतो. त्याच मोडक्या हातानं इंजिनांचा जोर वाढवला, वर गेले, एक चक्कर मारली आणि रडत, शिव्या देत विमान उतरवलं. बाबाच्या सगळ्या शिव्या मला येतात हे त्या दिवशी कळलं.

जिना लागला. माल उतरवणारी पोरं खाली उभी होती. सर आधी उतरले, मी मागून. मी शेवटच्या पायरीवर असताना त्यांनी वळून मला थोबाडीत मारली, अशी की मी डांबरावर पडले आणि कान दोन दिवस वाजत होता. त्यांना काहीच आठवत नव्हतं. पोरीनं आपलं नाक फोडलं एवढंच कळलं होतं. मी पडल्या पडल्या ओरडले की सर, तुम्ही झोपला होतात. मग तो एवढा मोठा माणूस विमानाच्या चाकाला पाठ टेकून खाली बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला.

कॅमेऱ्यात तेवढीच थोबाडीत आली आहे. कॉकपिटमधला आवाज नाही, कारण कंपनीनं विमान धुऊन पुसून त्याच दिवशी दुसऱ्या जोडीला दिलं आणि जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढलं. आता मॅनेजरनं एक कागद तयार केलाय. त्यात लिहिलंय की दोघा पायलटांचं खासगी कारणावरून भांडण झालं, हाणामारी झाली, कोणी झोपलेलं नव्हतं. मी सही केली तर महिनाभर घरी बसवतील आणि परत घेतील. नाही केली तर मी कॅप्टनवर हल्ला केला, डोकं ठिकाणावर नाही, लायसन्स काढून घ्या, असं लिहून देणार. सरांनी सही केली आहे. परवा त्यांचा निरोप आला, कर बेटा सही, दोघं वाचू. निरोप वाचून मला त्यांचा राग आला नाही, कीव आली. पण आज रात्रीही कोणीतरी सातव्या रात्रीला विमानात बसलंय, आणि त्याच्या शेजारी माझ्यासारखीच कोणी पोर सर, सर करत बसली असेल.

आणि कागदाचं म्हणशील तर आपल्या घराला कागद नवा नाही. बाबाचा डंपर खाली गेला, बाबा चेंगरून मेला, आणि आठव्या दिवशी ठेकेदाराचा मुन्शी आईकडे कागद घेऊन आला, की ऑपरेटर दारू प्यायला होता. पंचशील घेतल्यापासून ज्यानं दारूच्या बाटलीला हात लावला नाही तो माणूस! भरपाई लवकर मिळेल म्हणून आईनं सही केली, आपल्या दोघांचं पुढे कसं व्हायचं म्हणून केली. तू महिन्याभरानं लंगडत गेलास आणि चाक खोलायच्या लोखंडी टामीनं त्या मुन्शीचा हात आणि गुडघा फोडलास. चौदा महिने चंद्रपूरच्या जेलात काढलेस, आणि सुटल्यावर घरी न येता थेट भामरागडला पंक्चरचं दुकान टाकलंस. मला स्कॉलरशिप मिळाली, उरलेली फी त्या भरपाईतून गेली. म्हणजे मी विमानात बसले ती बाबाला दारुड्या म्हणणाऱ्या कागदावर बसले. दुसऱ्या खोट्या कागदावर नाही बसणार. नोकरी गेली तर गेली, मालवाहू पाखराची हौस फिटली माझी.

पण हे सगळं सांगायला मी तुला पत्र लिहिलेलं नाही, दादा. त्या रात्री बाबाच्या शेजारी हेल्परच्या सीटवर तू होतास. पोलिसांना तू सांगितलं होतंस की बाबाचा डोळा लागला आणि मी बाबा, बाबा म्हणून हाका मारल्या. बाबाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, भंतेजींची वंदना नुकतीच संपलेली, तू पायाला पट्ट्या बांधून खाटेवर, आणि मी उठून सगळ्यांच्या देखत ओरडले, तुनं मारलं नाई म्हणून मेला बाबा, तुनंच मारलं त्याले. तू मान खाली घातलीस ती आजवर माझ्यासमोर वर केली नाहीस. मी एकोणीस वर्षांची होते, मला वाटायचं हात असला की उठतो. आता मी रोज मोजते. सर माझे कोणी लागत नव्हते, तरी माझ्या हाताला सहा सेकंद लागले, आणि मी वाचले ती केवळ नशिबानं. तू बावीस वर्षांचा होतास आणि तो बाप होता. गुरुवारी मी माझे सहा सेकंदही सांगणार आहे, वकिलीणबाई नको म्हणतात तरी. पण परक्या माणसांसमोर तोंड उघडायच्या आधी ते तुझ्यासमोर उघडायचं होतं. तू बाबाला मारलं नाहीस. मी खोटं बोलले, भरल्या घरात बोलले, आणि नऊ वर्षं परत घेतलं नाही. मला माफ कर. नाही करवलं तर मारायला ये, पाची बोटं उठव माझ्या गालावर, पण घरी ये रे दादा.

जय भीम.

कशीही असले तरी तुझीच,
दिव्यानी